सुईच्या टोकावरची आशा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मामू, अंगात सुया टोचून घेतल्या की दिवस राहतात म्हणतात. खरं का? तुम्ही एवढं वाचता, तुम्हाला ठाऊक असेल.’’

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण आपल्याकडे घरातल्या वाचणाऱ्या माणसाला सगळंच ठाऊक असतं, असा एक समज असतो. खताच्या गोणीवरचा मजकूर असो की रक्ततपासणीचा कागद, येतो त्याच्याचकडे. मी तिला म्हटलं, ‘‘चार दिवस दे. वाचतो, माहीतगारांना विचारतो आणि सांगतो.’’ चार दिवसांचे चार आठवडे झाले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. भाचीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, ‘‘माझं नाव सांगू नका, बाकी सगळं सांगा. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत.’’

तिचं वय तेहतीस. लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा कुवेतला नोकरीला. वर्षातून एकदा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर येतो. या सहा वर्षांत तिने काय काय केलं? हातिसच्या पीर बाबरशेखांच्या दर्ग्यात नवस बोलून झाला. ताईत बांधून झाला. कुणी पुड्या दिल्या, त्या दुधातून घेऊन झाल्या. शेजारच्या काकूंनी शिमग्यात पालखीपुढे तिच्यासाठी गाऱ्हाणंही घातलं. आपल्या कोकणात दुःखाला जात नसते, तशी मायेलाही नसते. आणि आता कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचं पत्रक तिच्या हातात दिलं होतं. ‘सुयांच्या बारा बैठका, मातृत्वाचं सुख’ असं काहीसं त्यावर छापलेलं होतं.

आधी ही सुई आपल्याकडे आली कशी ते पाहू. ॲक्युपंक्चर ही चीनमधली जुनी उपचारपद्धती. तिच्या मांडणीनुसार शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहत असते. त्या मार्गांवरच्या बिंदूंवर सुई टोचली की अडलेला प्रवाह मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने असे ३६१ बिंदू प्रमाण म्हणून मांडले आहेत. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव असते आणि जाडीला साधारण पाव मिलिमीटर. त्यामुळे दुखतं फार थोडं. टोचल्यावर जडपणा जाणवतो, मुंग्या येतात. पंधरा-वीस मिनिटं किंवा अर्धा तास सुया तशाच ठेवून रुग्ण पडून राहतो. आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शरीराची चिरफाड करून पाहिली तर रक्तवाहिन्या सापडतात, मज्जातंतू सापडतात. ‘ची’चे मार्ग मात्र कुणाला सापडलेले नाहीत.

भारतात ॲक्युपंक्चरचं नाव निघालं की आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात कोटणीस होते. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. पण कोटणीस सुया टोचणारे वैद्य नव्हते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले ते डॉक्टर होते आणि रणभूमीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे ही पद्धत शिकले आणि परतल्यावर कलकत्त्यात उपचार सुरू केले. कोटणीसांच्या स्मरणार्थ पुढे ठिकठिकाणी ॲक्युपंक्चरची केंद्रं निघाली. त्यामुळे लोकांच्या मनात त्यांचं नाव आणि सुई यांची गाठ पडली.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने या पद्धतीला मान्यता मिळाली आणि चिकित्सकांच्या नोंदणीसाठी परिषद आली. ही चांगलीच गोष्ट. पण कायद्याची मान्यता म्हणजे प्रत्येक आजारावर गुण येण्याची हमी नव्हे. गाडी चालवण्याचा परवाना मिळाला म्हणून गाडी पाण्यावर चालत नाही.

आता मूळ प्रश्न. सुयांनी दिवस राहतात का?

याची सुरुवात एका आशादायक बातमीने झाली. २००२ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या १६० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर सुया टोचल्या, निम्म्यांना टोचल्या नाहीत. सुयावाल्यांत शंभरात साडेबेचाळीस जणींना दिवस राहिले, बाकीच्यांत सव्वीस जणींना. फरक केवढा मोठा! जगभर ही बातमी गेली आणि वंध्यत्वाच्या उपचारकेंद्रांशेजारी सुयांची केंद्रं उभी राहू लागली. त्याआधी १९९६ साली स्वीडनमध्ये अवघ्या दहा स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडल्यावर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा कमी झाल्याचं दिसलं होतं. म्हणजे कारणही सापडल्यासारखं वाटलं. रक्तपुरवठा वाढतो, म्हणून गर्भ रुजतो.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे. जिला सुया टोचल्या तिला ते ठाऊक होतं आणि जिला टोचल्या नाहीत तिलाही ठाऊक होतं. एकीच्या मनात उमेद, शिवाय तासभर विश्रांती. दुसरीच्या वाट्याला नेहमीचंच. मग गुण आला तो सुईचा, विश्रांतीचा, की नुसता योगायोग? यावर संशोधकांनी एक युक्ती काढली. आपण नमन-खेळ्यांत किंवा नाटकात खंजीर पाहतो ना? छातीत खुपसला असं दिसतं, पण पातं मुठीत सरकलेलं असतं. तशीच सुई त्यांनी बनवली. त्वचेला टेकली की टोचल्यासारखी वाटते, पण टोक आत जातच नाही. आता काही जणींना खरी सुई आणि काही जणींना नाटकातली. कुणाला कुठली, हे त्यांना ठाऊक नाही. पडून राहणं, आस्थेने झालेली विचारपूस, आशा, हे सगळं दोघींना सारखंच. उरला फरक तर तो फक्त सुईचा.

असा मोठा प्रयोग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या ८४८ स्त्रिया त्यात होत्या आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नुसते दिवस राहिले की नाही एवढंच न पाहता, जिवंत मूल घरी आलं का, हे त्यात मोजलं. खऱ्या सुयांच्या गटात हे प्रमाण शंभरात १८.३ होतं आणि नाटकातल्या सुयांच्या गटात १७.८. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

दुसरा प्रयोग खुद्द चीनमधला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. ज्यांच्या अंडाशयात गाठीगाठी दिसतात, पाळी लांबते आणि बीज वेळेवर सुटत नाही, अशा एक हजार स्त्रिया. हल्ली आपल्याकडेही ‘पीसीओएस’ हे नाव घरोघरी ऐकू येतं, तोच हा विकार. काहींना खऱ्या सुया, काहींना खांद्या-दंडावर वरवर टोचलेल्या. त्याशिवाय काहींना बीज सुटण्यासाठीची क्लोमिफिन ही जुनी, स्वस्त गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. निकाल काय लागला? गोळी घेणाऱ्यांत शंभरात २८.७ जणींना मूल झालं, पोकळ गोळीवाल्यांत १५.४ जणींना. सुयांचं पाहिलं तर खऱ्या सुयांवाल्यांत २१.८ आणि वरवरच्या सुयांवाल्यांत २२.४. गोळीने फरक पडला, सुईने पडला नाही. जिथे ही विद्या जन्मली त्याच देशातल्या डॉक्टरांनी हे प्रामाणिकपणे छापलं, याचं मला कौतुक वाटतं.

मग सुई अगदीच निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. काही प्रकारच्या दुखण्यांत तिने आराम पडल्याचे अभ्यास आहेत. मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं झुरणाऱ्या बाईला आठवड्यातून एक तास शांत पडायला मिळतं, कुणीतरी ‘कशी आहेस’ म्हणून विचारतं, यालाही मोल आहे. त्या तासाने तिला झोप लागत असेल, उपचारांचा ताण सोसवत असेल, तर जरूर घ्यावा. पण त्याचं नाव आराम. त्याला कुणी मातृत्वाची हमी म्हणून विकू लागला, तर आपण सावध व्हावं.

कारण यात पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, ती म्हणजे वेळ. स्त्रीचं बीजभांडार ती जन्मतानाच घेऊन येते. त्यात पुढे भर पडत नाही. पस्तिशीनंतर ते झपाट्याने घटू लागतं. गर्भनलिका बंद असेल, तर बाराच काय बाराशे सुयांनीही ती उघडणार नाही. आपल्या देशात क्षयरोग हे नलिका बंद होण्याचं एक मोठं कारण आहे. कधी खोकला नाही, कधी ताप नाही, तरी तो गर्भाशयात आणि नलिकेत दडून बसलेला असतो. त्याला क्षयाचीच औषधं लागतात. थायरॉईडचा दोष असेल तर त्याची गोळी. पुरुषात शुक्राणूंचा दोष असेल, तर बायकोच्या पोटावर सुया टोचून काय होणार?

आणि इथेच मला भाचीच्या फोनमधली खरी गोष्ट सापडली. मी तिला विचारलं, ‘‘तुझ्या नवऱ्याची तपासणी झाली?’’ ती गप्प. मग म्हणाली, ‘‘त्यांची कशाला? ते तर चांगले धडधाकट आहेत.’’

मंडळी, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचा दोष, एकट्याने किंवा जोडीने, सापडतो. पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी. वीर्याचा नमुना द्यायचा, बस्स. ना भूल, ना शस्त्रक्रिया. बाईच्या तपासण्या त्या मानाने किचकट, खर्चिक, कधी दुखणाऱ्या. तरीही आपल्याकडे आधी बाई तपासली जाते, मग पुन्हा बाईच, मग तिसऱ्या डॉक्टरकडेही बाईच. धडधाकट असण्याचा आणि शुक्राणूंच्या संख्येचा काही संबंध नसतो. पाच मण ओझं उचलणाऱ्याच्या अहवालातही शून्य येऊ शकतं. तंबाखूने, विडी-सिगारेटने आणि सतत उष्णतेजवळ काम केल्यानेही शुक्राणूंवर परिणाम होतो.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडला. बी. ए. झालेल्या माणसालाही जमेल असा सोपा. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास जिवंत राहतं. शुक्राणू फार तर पाच दिवस. म्हणजे महिन्यातले सुमारे सहा दिवसच गर्भ राहण्याचे. तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. वर्षभर एकत्र राहिलं, तर शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना यश येतं. म्हणून डॉक्टर म्हणतात, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणीला या. बाईचं वय पस्तिसाच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच या.

आता माझ्या भाचीचं पाहा. नवरा वर्षाला चाळीस दिवस घरी. त्यात ते सहा दिवस एकदा येणार, फार तर दोनदा. सहा वर्षांत मिळून आठ-नऊ वेळा. म्हणजे लोक जिला ‘लग्नाला सहा वर्षं झाली तरी’ म्हणून बोल लावतात, तिला प्रयत्नांचं एक अख्खं वर्षसुद्धा मिळालेलं नाही! विमानाचं तिकीट काढताना पाळीची तारीख कुणी पाहिली नव्हती. आखातात असलेल्यांच्या, बोटीवर असलेल्यांच्या, मुंबईला खोलीवर राहणाऱ्या चाकरमान्यांच्या कितीतरी बायका आपल्या जिल्ह्यात असा बोल सोसत असतील. तो दोष त्यांच्या कुशीचा नाही, नोकरीच्या अंतराचा आहे. फोनवर मी हा हिशेब सांगितला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला. एवढंच म्हणाली, ‘‘हे मला आतापर्यंत कुणीच सांगितलं नाही, मामू.’’

का सांगितलं नाही? कारण या गोष्टी बोलायच्या नसतात. आपल्याच जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. शरीराविषयी शास्त्राच्या भाषेत, संकोच न बाळगता बोला, एवढंच ते सांगत होते. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. त्यांचा विषय मूल नको असलेल्यांचा होता, माझा आज मूल हवं असलेल्यांचा. पण शत्रू एकच, तो म्हणजे न बोलणं. जिथे घरातली माणसं बोलत नाहीत, तिथे पत्रकं बोलू लागतात.

आता ज्यांना सुया घ्यायच्याच आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, आधी दोघांची तपासणी, मग सुई. दुसरी, चिकित्सकाची नोंदणी आहे का, ते विचारा आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. एकदा वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर काविळीसारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा. तिसरी, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांपासून हे लपवू नका आणि त्यांची औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. सोबत नाव नसलेल्या पुड्या दिल्या तर घेऊ नका. दिवस राहिल्याची शंका आली तर सुई टोचणाऱ्याला लगेच सांगा. चौथी, जो शंभर टक्के हमी देतो आणि बारा बैठकांचे पैसे आगाऊ मागतो, त्याच्या दारातून परत फिरा.

आणि ज्या गोष्टींचा उपयोग सिद्ध झाला आहे त्या अगदी साध्या आहेत. मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून बाईने रोज फोलिक ॲसिडची गोळी घ्यावी. बाळाच्या पाठीच्या कण्यातले दोष त्याने टळतात. मिश्री सोडावी. आपल्याकडच्या कितीतरी बायका तिला दात घासायचं साधन समजतात, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. थायरॉईड आणि साखर तपासावी. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घ्यायची वेळ आलीच, तर २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रातच जावं. हा उपचार आपल्याला परका नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अशी मुलगी जन्मली. आणि त्याच आवारातल्या महाविद्यालयात कोटणीस शिकले होते. त्याआधी १९७८ साली कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हे साधलं होतं. पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. म्हणजे अविश्वासानेही माणसं मरतात. म्हणूनच मी कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. नवस बोलावा, दुआ मागावी. पण पीर काय किंवा ग्रामदेवता काय, तपासणी करू नको असं कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

जाता जाता एका शब्दाविषयी बोलतो, कारण शब्द हा माझा धंदा. मराठीत मूल नसलेल्या बाईसाठी एक शब्द आहे. तो मी इथे उच्चारणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या नवऱ्यासाठी मात्र रोजच्या बोलण्यात तसा शब्द नाही. आमच्याकडचा हापूस एक वर्ष भरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रिकामा जातो. तेव्हा बागायतदार झाडाला शिवी देत नाही. ‘कलम यंदा धरलं नाही’ एवढंच म्हणतो आणि मातीकडे, पाण्याकडे, हवेकडे बघतो. झाडाला आपण जेवढा न्याय देतो तेवढा तरी लेकीसुनांना द्यावा.

भाचीचं पुढे काय झालं, हे विचाराल. नवरा सुट्टीवर आला तो या वेळी तारीख पाहून. दोघं मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे गेली. तिचे अहवाल चांगले आले, त्याच्यात थोडी उणीव निघाली. त्याच्यावर उपचार चालू आहेत. मूल अजून नाही. होईलच असं मी म्हणत नाही. पण सासूबाईंनी टोमणे मारणं थांबवलं आहे आणि जावई मला फोनवर म्हणाला, ‘‘मामू, मी आधीच जायला हवं होतं.’’ ते पत्रक भाचीने फाडलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांच्या तपासण्यांच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)